रेकॉर्डातली सासू

साळूबाई भुरुक नाक मुरडायची नाही. नाक मुरडणं म्हणजे तिच्या मते कच्च्या बायकांचं काम. ती फक्त ओठाचा उजवा कोपरा एवढासा उचलायची आणि समोरचा माणूस आपली किंमत आपणच कमी करून घ्यायचा. वेल्ह्याच्या बाजारात ती लांबून येताना दिसली की कांदेवाला सडके कांदे आधीच पोत्यामागं सारायचा. अंगणातून दिसणाऱ्या तोरण्यालाही तिनं सोडलं नव्हतं. "येवढा मोटा डोंगर, आन उपेग काय? दिस बुडायच्या आदीच माज्या अंगनात अंधार करतो."

पण तिच्या तुच्छतेतला मोठा वाटा घरातच खर्च व्हायचा, नवऱ्यावर.

नवरा म्हणजे चिमाजी. गावाचा फौजी. पलटणीत हवालदार होऊन, दोन लढाया बघून परत आलेला. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्याला खुर्ची मिळायची. बिल्ले लावलेला कोट घालून तो पोरांना सांगायचा, "म्होरनं रनगाडा आला. आमी हललो न्हाई." पोरं टाळ्या वाजवायची. कुंपणाशी उभी राहिलेली साळूबाई शेजारणीला म्हणायची, "रनगाड्याम्होरं उभं ऱ्हायले असतील. आपन कुटं बगाया गेलोय. पर सासूबाईम्होरं कंदी उभं ऱ्हायले न्हाईत, ते म्या बगितलंय."

ही सासू म्हणजे बनाबाई, चिमाजीची आई. मिठाचा डबासुद्धा कडीकुलपात ठेवणारी बाई. लग्नात सुनेचं नाव बदलायची वेळ आली तेव्हा म्हणाली होती, "ऱ्हाऊ द्या साळूच. हाक माराया बरं पडतंय." आणि मग जन्मभर हाकच मारली. साळे, पाणी. साळे, शेण. साळे, झोपलीस व्हय गं? फौजी वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, आईच्या पायाशी बसायचा आणि आई सुनेच्या चुका मोजून दाखवायला लागली की मान डोलवायचा. तो पलटण सोडून आला, त्यानंतर थोड्याच दिवसांत बनाबाई गेली. तेराव्याला साळूबाईनं आमटीत हवं तेवढं मीठ घातलं.

तिला वाटलं होतं, सुटले.

अठ्ठ्याण्णव साली पेन्शनीचे नवे कागद भरायचे निघाले आणि फौजीला बायकोसकट नसरापूरला बँकेत बोलावलं. खिडकीत निलोफर नावाची भोरची पोरगी होती, चटपटीत आणि गोड बोलणारी. तिनं फौजीचं पेन्शनीचं पुस्तक उघडलं.

"आजोबा, आज्जींना जरा पुढं पाठवा. बनाबाई आज्जी, या हो."

साळूबाई बाकावरून हलली नाही. "कोन बनाबाई?"

"तुम्हीच की. हे बघा, पत्नी, बनाबाई चिमाजी भुरुक."

फौजीनं टोपी काढली, परत घातली.

"पोरी, नीट वाच," साळूबाई उठली. "बनाबाई माजी सासू. ह्येंची आई. ती मरून जमाना झाला."

निलोफरनं वाचलं, पान उलटलं, परत वाचलं. "आईच्या रकान्यातही बनाबाईच आहे. आणि पत्नीच्याही."

रांगेतला एक जण फिस्सकन हसला. साळूबाईनं ओठाचा कोपरा उचलला आणि तो माणूस भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"मग आता वं?"

निलोफरनं आवाज खाली घेतला. "आजोबा आहेत तोवर काही अडत नाही, आज्जी. पण त्यांच्यामागं पेन्शन बायकोला मिळते, आणि ती कागदात जिचं नाव आहे तिला. बनाबाई तर वारल्या. साळूबाई म्हणून कागदात कुणीच नाही. आजोबांनी जितेपणीच दुरुस्त करून घ्यायला हवं."

जितेपणी. फौजीला दमा होता. गेल्या थंडीत भोरच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून, मान हलवून सांगितलं होतं, पुढची थंडी जपून काढा. साळूबाईला सगळं लख्ख दिसलं. हा माणूस खोकत खोकत एक दिवस जाईल, आपल्या वाटणीचा घास सासूच्या नावावर जमा होईल, आणि ती वरूनही डब्याला कुलूप घालील.

एसटीत ती म्हणाली, "ह्यो काय परकार?"

"कारकुनाची चूक," खिडकीकडं तोंड करून फौजी म्हणाला.

महिनाभर साळूबाईनं त्या न पाहिलेल्या कारकुनाचा उद्धार केला. त्याचे हात, त्याचे डोळे, त्याला शिकवणारा मास्तर, त्याला जेवायला घालणारी आई, कुणाला म्हणून सोडलं नाही. फौजी शेजारी बसून हो ला हो करायचा. त्यानं अर्जही तसाच लिहून घेतला. कारकुनाच्या चुकीनं बायकोचं नाव चुकलं आहे, तरी दुरुस्त करावं.

पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. भरतीच्या वेळी जवानानं हे नाव स्वतः सांगितलं आहे, त्याला ते वाचून दाखवलं आहे, खाली त्याची सही आहे. तरी ही बनाबाई कोण, हयात आहे काय, पहिली पत्नी असल्यास काडीमोड झाला काय, याचा खुलासा करावा.

ही बातमी गावात कशी गेली देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी पाणवठ्यावर बायका गोळा झाल्या.

"फौजीची तिकडं काश्मीरात बनाबाई व्हती म्हनं."

"लई गोरी असंल न्हाई?"

"ह्येंची?" साळूबाईनं हंडा कमरेवर घेतला. "बाया, दुसरी बाई कराया बी जिगर लागती."

खुलासा कसा लिहायचा ते कुणाला कळेना. शेवटी पुण्याला माजी सैनिकांच्या ऑफिसात जायचं ठरलं. तिथं आनंदराव म्हणून सुभेदारकीवरून निवृत्त झालेले गृहस्थ अर्ज बघायचे. मिशा पांढऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सगळे कागद वाचले. मग चष्म्यावरून फौजीकडं बघितलं.

"हवालदार, कुठले म्हणालात?"

"येल्ह्याकडचा, साहेब."

"म्हणजे आपल्यातलेच. मग मला सांगा, आपल्यात सासूचं नाव सुनेला ठेवतात का?"

फौजीनं टोपी काढून हातात घेतली.

"ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहायच्या आधी म्हातारी माणसं काय विचारतात? घरात ह्या नावाची सासू, जाऊ, नणंद नाही ना? विचारतात का नाही?"

"इचारत्यात," साळूबाई म्हणाली.

"लिहिणारा दक्षिणेकडचा असणार. त्याला काय कळतंय? आई बनाबाई, बायको बनाबाई, चला, दोघी बनाबाई. पण इकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की हे नाव चुकून पडलेलं नाही. हे सांगितलेलं आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "का सांगितलंत?"

फौजीनं टोपी गुडघ्यावर ठेवली. टोपीला विचारल्यासारखा तो बोलायला लागला.

"भरतीला रांग व्हती, साहेब. म्होरं टेबल. कारकुनानं बापाचं नाव इचारलं, सांगितलं. आईचं इचारलं, सांगितलं. मग म्हनला, बीवी का नाम." तो थांबला. "माज्या मागं हिचा थोरला भाऊ उभा व्हता. गेनूदादा. आमी संगंच भरतीला गेलतो. त्येच्या देकत हिचं नाव कसं घ्यायचं? जीभच उचलंना. कारकून वराडला, जल्दी बोलो. नुकतंच आईचं नाव तोंडात येऊन गेलं व्हतं. तेच परत आलं."

"आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

"नंतर सांगायचं म्हंजी, का चुकलं ते सांगाय लागलं असतं. पलटनीत हसले असते."

आनंदराव हसले नाहीत. हसू दाबायला त्यांनी पाण्याचा पेला उचलला. मग म्हणाले, "हेच लिहा. जसंच्या तसं. वेल्ह्याला तहसीलात प्रतिज्ञापत्र करा आणि साक्षीला त्या गेनूला उभा करा. आहे ना तो?"

"हाय. विंझरला. त्यो लवकरच परतला पलटनीतनं."

परतीच्या एसटीत फौजीनं शिव्यांची वाट बघितली. शिव्या आल्या नाहीत. कात्रजचा घाट चढून झाला, उतरून झाला, शिवापूर गेलं. नसरापूरचा फाटा दिसायला लागला तेव्हा साळूबाई एकच शब्द बोलली.

"रनगाडा."

आणि परत खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच विंझरला गेली. गेनू पडवीत बसून दोर वळत होता. आता तोही थकलेला, कानानं जरा कमी. बहिणीला बघून त्यानं आत चहा सांगितला.

"दादा, भरतीच्या टायमाला तू ह्येंच्या मागं उभा व्हतास?"

"व्हय की."

"ह्येंनी बायकूचं नाव काय सांगितलं, ऐकलंस?"

गेनूचे हात थांबले. मग तो चक्क कौतुकानं हसला. "ऐकलं की गं. म्हनूनच तर म्या रातच्याला दाजींची पाट थोपटली. म्हनलं, माज्या म्होरं भनीचं नाव घेतलं न्हाई. मानूस मर्यादेचा हाय. तुला चांगल्या घरात दिली म्हनून लई बरं वाटलं बग."

साळूबाई बघतच राहिली. बँकेतलं हसू, पाणवठ्यावरची कुजबुज, सगळं तिला पचलं होतं. हे पचेना.

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"ठावं म्हंजी... परक्या मुलकातल्या बाप्याम्होरं आपल्या बायकांची नावं कशाला—"

"आन तूच माजं नाव सांगितलं असतंस तर? तुला कोन अडवीत व्हतं? तुजी तर भन हाय मी."

"दाजींच्या आदी म्या बोलायचं? त्येंचा मान ऱ्हायला असता का?"

"वा रं माज्या राजा." साळूबाईनं चहाला हात लावला नाही. "दोन गडी. देश राखाया निगालेलं. आन दोगांत मिळून माजं येवढं नाव उचललं न्हाई. तुमच्या दोगांची मर्यादा, आन जितेपनी तिरडी माजी. शुक्करवारी येल्ह्याला यायचं. फेटा बांदून ये. तुजा मान जायला नगं."

शुक्रवारी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत गर्दी होती. सातबारावाले, दाखलेवाले, नुसतेच सावलीला आलेले. नायब तहसीलदार म्हणून नवीनच एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र शांतपणे वाचलं. वाचताना दोनदा ओठ दाबले.

"आजोबा, हे सगळं तुम्ही म्हणता तसंच लिहिलंय?"

"व्हय, मॅडम. कुटं सही करू?"

"थांबा. सही तुम्ही मागंही केली होती." मॅडमनी पेन उचलून आपल्याजवळ ठेवलं. "आधी तोंडानं सांगा. या समोर उभ्या आहेत त्या तुमच्या कोण?"

"पप्पूची आई."

"त्यांचं नाव?"

"आमचं... घर."

"घराचं नाव नकोय मला."

"विंझरची हाय, मॅडम."

सातबारावाले सातबारा विसरले. दाराशी माणसं जमली. शिपाई आनंदानं पुढं सरकला आणि म्हणाला, "आजोबा, उखाण्यात घ्या! आज्जी, तुमी बी घ्या उखाण्यात!" साळूबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. शिपाई फायली झटकायला लागला.

मागं उभ्या असलेल्या गेनूचा जीव वरखाली होत होता. "मॅडम, म्या जरा भाईर थांबतो. म्हंजी दाजींना मोकळं—"

"दादा!" साळूबाई म्हणाली. "जाग्यावरनं हलायचं न्हाई. तवा कुटं व्हतास? ह्येंच्या मागं ना? मग मागंच ऱ्हा. अजून जवळ. हां. मॅडम म्हंजी तो कारकून. टेबल हाय. रांग हाय. समदं तसंच हाय. आता बोला."

फौजीनं मॅडमकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. रणगाड्यासमोर तो कसा उभा राहिला असेल ते त्या क्षणी सगळ्या वेल्ह्याला कळलं. हलला नाही म्हणजे हलताच आलं नसणार.

मॅडमना दया आली असावी. "आज्जी, आधी तुम्ही सांगा. यांचं नाव काय?"

साळूबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपणही हे नाव उभ्या जन्मात घेतलेलं नाही. अवो, ऐकलं का, फौजी, पप्पूचे वडील. जीभ टाळूला चिकटली. एक श्वास गेला. त्या एका श्वासात वाटली तेवढी तुच्छता तिला आजवर कुणाचीच वाटली नव्हती, अगदी बनाबाईचीही नाही. ती तुच्छता तिला स्वतःचीच वाटली होती.

"चिमाजी," ती म्हणाली. "चिमाजी सोनबा भुरुक. ल्ह्या." मग वळून नवऱ्याला जीभ काढून दाखवली, पोरं डॉक्टरला दाखवतात तशी. "बगा. हाय जाग्यावर. झडली न्हाई."

दारातली माणसं हसली. फौजीच्या कानाची पाळी लाल झाली. त्यानं टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या, बिल्ले लावलेली छाती पुढं काढली. आणि परेडवर देतात त्या आवाजात, कचेरीच्या खिडक्या थरथरतील असा ओरडला,

"साळूबाई! साळूबाई चिमाजी भुरुक!"

त्याला खोकल्याची उबळ आली. गेनूनं मान खाली घातली, पण तो मेला नाही. छत पडलं नाही. मॅडमनी लिहून घेतलं आणि पेन पुढं केलं.

साळूबाईला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. डोळ्यांत पाणी येईल, निदान बरं तरी वाटेल. काहीच झालं नाही. एवढंसं? एका हाकेएवढंच हे काम? ह्याच्यासाठी दोघा बहाद्दरांनी मला जन्मभर मेलेल्या बाईच्या नावाखाली ठेवलं? तिच्या ओठाचा कोपरा आपसूक वर गेला.

दुरुस्तीचा कागद पुढच्या उन्हाळ्यात आला. निलोफरनं बँकेत तो मोठ्यानं वाचून दाखवला, "पत्नी, साळूबाई चिमाजी भुरुक," आणि वाट बघितली. साळूबाई "बरं" म्हणाली, बास. कारण तिच्या हिशेबी ते काम त्या शुक्रवारीच, कचेरीतून बाहेर पडल्यावर, एसटी स्टँडवर पुरं झालं होतं.

झालं ते असं. गाडीला वेळ होता. फौजी आणि गेनू स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला बसले. साळूबाई लिंबाच्या सावलीत पिशवी घेऊन उभी राहिली. कचेरीत ज्यांनी तमाशा पाहिला होता त्यांतले चार जण हॉटेलात होते, आणि अर्धा कप संपायच्या आत फौजीचा आवाज परत चढला.

"म्या म्हनलं, मॅडम, नाव घ्यायला भ्यायचं काय? ल्ह्या, साळूबाई! असा आवाज दिला की मॅडम खुर्चीतनं उटल्या."

"उटल्या, उटल्या," गेनू म्हणाला. "दाजी कुनाच्या बापाला भीत न्हाईत. पयल्यापासनंच."

"रनगाड्याला भ्यालो न्हाई, तर—"

साळूबाईनं सगळं ऐकलं. तासही झाला नव्हता आणि पराक्रम शिजून ताटात पडला होता. पुढच्या पंधरा ऑगस्टला पोरं टाळ्या वाजवणार, हे तिला दिसलंच.

गाडी लागली. एरवी ती खोकली असती, नाहीतर एखाद्याला आत पाठवलं असतं, "जा, आमच्या ह्येंना बलीव." ती गाडीच्या पायरीवर चढली, दांडीला धरून वळली आणि भर स्टँडवर गळा मोकळा केला.

"चिमाजी! ए चिमाजी! गाडी लागली. येतोस का ऱ्हातोस हितंच?"

हॉटेलातलं बोलणं बंद पडलं. भजी तळणाऱ्याचा झारा हवेतच राहिला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच ठेवला. गेनूनं चहा खाली ठेवला आणि आपल्या चपला शोधायला लागला, त्या पायातच होत्या.

चिमाजी उठला. बिल्ल्यांवरून हात फिरवत, कुणाकडं न बघता, भराभर चालत आला. पायरी चढताना त्याला धाप लागली. साळूबाईनं त्याचा दंड धरून वर ओढला आणि खिडकीकडच्या जागेवर बसवला, कारण वारा तिकडून लागत होता.

"चारचौगांत नवऱ्याचं नाव घेती," तो दम खात पुटपुटला. "ए म्हनती. लोकं काय म्हनतील?"

साळूबाईनं पिशवी मांडीवर ठेवली.

"म्हनू द्या," ती म्हणाली. "आता रेकॉर्डवर हाय."